फ्रँकफर्टच्या कर्ण्यातून आलेली हाक

भुताखेतांचं आणि माझं कधीच जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या बेंगळुरातल्या चामराजपेटेत गल्लीच्या तोंडाशी एक चिंचेचं झाड होतं आणि त्यावर मोहिनी राहते अशी अख्ख्या पेटेची खात्री होती. भर दुपारी बायामाणसं त्या झाडाखालून डोक्यावर पदर घेऊन पळायची. मी नवी नवरी असताना त्याच भर दुपारी त्याच झाडाच्या चिंचा पाडून, मीठ लावून खाल्लेल्या आहेत. मोहिनीने हूं की चूं केलं नाही. माझ्यामुळे बिचारीला चिंचा उरल्या नसतील, एवढंच.

हे अशासाठी सांगितलं की पुढचं वाचून 'म्हाताऱ्या बायकांना असलं दिसतंच' असं कुणी म्हणू नये. मला काही दिसत नाही. मोतीबिंदू काढल्यावरसुद्धा फारसं नाही. शिवाय हे घडलं तेव्हा मी म्हातारी नव्हते. साठ सालच्या आगेमागची गोष्ट. मी विशीतली, मॅट्रिक झालेली, अंगाने काडी आणि अकलेने... अकलेचं पुढे कळेलच.

लिहिते मी, टाइप करते नात. ती इंदिरानगरात राहते. मध्येमध्ये थांबून "अज्जी, हे खरंच की मसाला?" असं विचारते. तिला सांगितलं, मसाला स्वैपाकात घालते, इथं नाही.

तर आमचं घर चामराजपेटेतलं. आम्ही मूळचे कुठले हे कुणालाच धड माहीत नाही — कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलो, घरात मराठी राहिली आणि दारातून कन्नड आत शिरली. भाजीत मीठ 'स्वल्प' कमी पडायचं आणि सासूबाई मुलाला जेवायला बोलवायच्या ते अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, सासऱ्यांना मामंजी. आणि नवऱ्याला... इथेच तर सगळी गोम आहे.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. त्या काळी हे घरोघरी होतं, पण आत्याबाईंचं जरा जास्तच होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पोस्टमनने दारात यांचं नाव विचारलं आणि मी मॅट्रिकच्या तोऱ्यात ते खणखणीत सांगितलं. आत्याबाई आतून आल्या, माझा कान धरला — दुखेल असा नाही, पण धरला — आणि म्हणाल्या, "बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य झिजतं. साबण झिजतो तसं. तुला माझा मुलगा साबणाएवढा करायचाय काय गं?"

"पण आत्याबाई, हाक कशी मारायची मग? हे मागच्या अंगणात असले तर?"

"मी आहे की. मला सांगायचं. मी मारते."

आणि खरंच, आमच्या घरात ती पद्धतच पडली. मला यांच्याशी काही काम असलं की मी आत्याबाईंच्या जवळ जाऊन म्हणायचे, "आत्याबाई, यांना हाक मारा ना." की आत्याबाई असतील तिथून, हातातलं काम न सोडता हाक द्यायच्या. आणि हाक म्हणजे काय साधीसुधी! अंगाने पाच फूटसुद्धा नसतील, पण आवाज असा की बाजारात उभ्या असलेल्या माणसाला कळावं आज यांच्याकडे जेवण लवकर झालंय. "किट्टूऽऽ! पानं वाढलीत रे! बेग बा!" बेग बा म्हणजे लवकर ये. त्यांचं काम काहीही असो, हाक हीच. आंघोळीचं पाणी तापलं तरी "पानं वाढलीत", पाहुणे आले तरी "पानं वाढलीत". किट्टू हे यांचं घरातलं नाव, तेसुद्धा फक्त आईच्या तोंडी. मामंजीदेखील त्या नावाने हाक मारत नसत.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत यांना कारखान्याने ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं. शहराबाहेर मशिनी बनवणारा मोठा कारखाना होता, त्यात हे कामाला. स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहायचं आणि लेथ शिकायची. हे गेले आणि पाचसहा महिन्यांत आत्याबाई तापाने आजारी पडल्या, त्या उठल्याच नाहीत. त्या काळी जर्मनीहून धावत येणं म्हणजे बोटीने येणं. यांना तार गेली, बस.

शेवटच्या दिवसांत मीच त्यांच्या उशाशी असायचे. कपाळावर कोलनवॉटरची पट्टी बदलत. तापाच्या भरात त्या सारखं म्हणायच्या, "किट्टू आला काय? पानं वाढा." आणि मग हाक. आवाज बसलेला, तरी हाक. मामंजींनी मला बजावून ठेवलं, "हे त्याला कळवायचं नाही. तिथं एकटा आहे. हाय खाईल." मी नाही कळवलं. हे पत्रात विचारायचे, आईला शेवटी शुद्ध होती का, काही बोलली का... मी लिहायचे, शांत होत्या. (आणि पाकिटावर पत्ता मामंजी लिहायचे. कारण पत्त्यात नाव असतं!)

आत्याबाईंना जाऊन वर्ष झाल्यावर माझ्या वडिलांनी हौसेने मला बोटीत बसवून दिलं. यांचं ट्रेनिंग संपत आलं होतं. बेत असा की थोडे दिवस जर्मनी बघायची आणि इटलीतून जेनोव्याच्या बंदरावरून एकत्र परतायचं.

'जर्मनी बघायची' म्हणजे कशी, ते ऐका. यांनी आधीच सांगितलं, "जान्की, हॉटेलात राहायचं नाही, हॉटेलात जेवायचं नाही आणि टॅक्सीकडे बघायचंसुद्धा नाही." मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं. मला काय, मी तर तयारीनेच आले होते. माझ्या ट्रंकेत कपडे कमी आणि पोहे, मेतकूट, चटणीपुडी, सारूपुडी जास्त. पुडी म्हणजे पूड आणि सारू म्हणजे आपलं सार. एक पंपाचा स्टोव्ह. आणि एक फिरकीचा तांब्या — झाकण फिरवून घट्ट बसतं ना, तो, प्रवासातला. पितळी, माहेरून आलेला. थंडी म्हणून साडीवर यांचा जुना ओव्हरकोट आणि चपलांत मोजे. चपलेचा अंगठा मोज्यातून काही नीट बसत नाही, त्यामुळे मी चालायची बदकासारखी. आणि मनात काय समजायची? की लोक वळून बघताहेत ते माझ्या रूपाकडे!

राहायचो विधवा बायका आपल्या घरातल्या खोल्या भाड्याने देत, तिथं. म्युनिकला अशा एका खोलीत मी न्हाणीघराच्या टबात स्टोव्ह ठेवून सारू केलं. फोडणीत हिंग पडला मात्र, घरमालकीण "गॅस! गॅस!" करत धावत आली आणि तिने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर बर्फ. आम्ही तिघंही कुडकुडत उभे, आणि यांनी गंभीर चेहऱ्याने सगळ्या नळ्या वास घेऊन तपासल्या. सापडलं नाही काही. नंतर खोलीत येऊन हे उशीत तोंड खुपसून हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो, असं म्हणाले. मला फार बरं वाटलं. त्या हिंगाला मी अजून मानते.

हायडलबर्गच्या किल्ल्यात दारूचं एक लाकडी पिंप आहे, आमच्या घराएवढं. सगळे त्याची कारागिरी बघताहेत आणि मी विचारते, "अहो, हे घासतं कोण?" न्यूर्नबर्गला खेळण्यांची दुकानं. बाहेर उभं राहून काचेतून बघितलं, काच फुकट होती. अर्धं शहर नव्याने बांधत होते. कितीतरी ठिकाणी नुसती एकच भिंत उभी आणि तिला खिडकी. जेवण म्हणजे बाकावर बसून पाव, नाहीतर पोहे भिजवून त्यात दही. थकलो की चर्चमध्ये जाऊन बसायचो. तिथं ऊब असते आणि कुणी ऊठ म्हणत नाही. मी मनातल्या मनात व्यंकटेशाला नमस्कार करायची. त्यालाही कुठं तक्रार होती!

सुखाचे दिवस होते ते. खोटं कशाला सांगू... लग्नानंतर आमची नीट ओळख झाली ती तिथंच.

शेवटचं गाव कोलोन. तिथं पोचेपर्यंत मला ठाऊक नव्हतं की कोलनवॉटर ते याच गावचं! मी भर रस्त्यात टाळी वाजवली. हट्टाने एक छोटी बाटली घ्यायला लावली. यांनी झाकण उघडून वास घेतला आणि पुन्हा पुन्हा घेत राहिले. लहानपणी ताप आला की आत्याबाई तीच पट्टी ठेवायच्या ना. त्यानंतर त्या मोठ्या चर्चच्या जिन्यावरून आम्ही वर गेलो, खाली आलो, हे एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त म्हणाले, "मी असतो तर तिने मला काहीतरी सांगितलं असतं."

मी मान खाली घातली. मामंजींचा शब्द होता.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. कोलोनहून निघून फ्रँकफर्टवरून स्वित्झर्लंडातलं बाझेल, तिथून पुढे बंदर. बोट चुकली तर पुढची कधी मिळेल देव जाणे, आणि दोघांचे पासपोर्ट, दोघांची तिकिटं, सगळं यांच्या कोटाच्या आतल्या खिशात. गाडीत बसल्यापासून यांचं डोकं चढलं. मी म्हटलं, कोलनवॉटरची पट्टी ठेवते. पट्टीला पाणी हवं, तांब्या तर रिकामा. जेमतेम थेंब होते त्यावर पट्टी भिजवली, कपाळावर ठेवली. हे झोपून गेले. थोड्या वेळाने पट्टी वाळली.

आणि गाडी फ्रँकफर्टला थांबली.

आता माझी अक्कल बघा. आपल्याकडे गुंटकल आलं, अर्सीकेरे आलं की काय करतो? तांब्या घेऊन उतरतो, नळावर भरतो, एखादी इडली खातो, गार्डाशी दोन शब्द बोलतो, गाडी उभीच असते. मला वाटलं, स्टेशन ते स्टेशन. यांनी बजावलं होतं, 'मला सांगितल्याशिवाय उतरायचं नाही'. पण झोपलेल्या माणसाला काय सांगायचं? उतरले. आणि हुशारी अशी की खूण लक्षात ठेवली! फलाटाचा नंबर? छे. बेंगळुरात कुठं कोण नंबर बघायचं. खूण काय, तर आमच्या इंजिनात एक मिशीवाला काका खिडकीतून डोकावत होता. काका दिसला की आपली गाडी.

फ्रँकफर्टचं स्टेशन असं आहे की सगळ्या गाड्या तिथं येऊन थांबतात, समोर भिंत. पुढे वाट नाही. ओळीने फलाट, किती ते मोजायच्या फंदात मी पडले नाही. नळ शोधत मी बाहेरच्या मोठ्या दालनात गेले. एका फुलवालीने तिच्या बादलीच्या नळावर तांब्या भरू दिला, तांब्याला हात लावून बघितला, मला एक फूल दिलं. मी ते केसात माळलं. आरशात बघायचं राहिलं म्हणून काचेच्या दुकानासमोर उभी राहिले... हो, राहिले. परत फलाटांकडे वळले तर काका नाही.

अहो, काका कसा असणार! समोर भिंत म्हटल्यावर गाडी उलटी फिरून जाते. दुसऱ्या टोकाला दुसरं इंजिन लावतात आणि जुन्या इंजिनातला माणूस उतरून आपल्या कामाला जातो. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी एकेका फलाटाच्या तोंडाशी जाऊन इंजिनात डोकावते. एका इंजिनात दाढीवाला. एकात कुणीच नाही. एकात मिशी होती, पण ती पिवळी. हातात तांब्या, केसात फूल, डोळ्यांतून धारा, आणि चाल बदकाची. त्या फ्रँकफर्टात त्या दिवशी सर्कस आली असं लोकांना वाटलं असेल.

गणवेशातल्या एका माणसाने मला हाताला धरून लोखंडी जिन्याने वर नेलं. तिथं काचेची खोली होती. आत एक जाडजूड बाई, अंगात विणलेलं स्वेटर, समोर बोलायचं यंत्र, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. साऱ्या स्टेशनभर जो आवाज गाड्या सांगत होता तो हिचा. तिला थोडं इंग्रजी येत होतं, मला त्याहून थोडं.

"ट्रेन?"

"बाझेल."

"हजबंड?"

"येस. इन ट्रेन. स्लीपिंग."

"नेम?"

मी गप्प.

"नेम? युअर हजबंड. नेम!"

मी पदर तोंडाला लावला. नातीला हे पटतच नाही. म्हणते, "अज्जी, पासपोर्ट नाही, भाषा नाही, नवरा चाललाय बोटीला, आणि तू नाव घेईनास?" अगं, आज मलाही पटत नाही. पण त्या क्षणी मला काय दिसलं माहितेय? साबण. झिजलेला, बोटाएवढा साबण. आत्याबाई हयात असत्या तर एखादे वेळी चोरून घेतलंही असतं. पण गेलेल्या माणसाचा शब्द कसा मोडायचा!

मग आठवलं, उखाण्यात नाव चालतं! लग्नात घेतलं होतं. पण तो आत्याबाईंनी पाठ करून घेतलेला उखाणा एक ओळ आठवेल तर शपथ. नवा जुळवावा म्हटलं. पण फ्रँकफर्टला यमक काय जुळवणार, कपाळ! बाई घड्याळाकडे बोट दाखवतेय आणि मी डोळे मिटून ओठ हलवतेय. तिला वाटलं, प्रार्थना चाललीय. ती आदराने थांबली!

शेवटी मी माझंच नाव सांगितलं. "जानकी." तिला वाटलं, नवऱ्याचं. तिने बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि ती जर्मनमध्ये काहीतरी बोलली, त्यात 'हेर जानकी' एवढं कळलं. काही झालं नाही. होणार कसं? यांच्या कानांना जर्मन घोषणांची इतकी सवय झालेली की त्या लागल्या तर उलट गाढ झोप यायची.

बाईने बटण सोडलं. दिवा गेला. तिने मला काचेपाशी नेलं आणि पार पलीकडच्या फलाटाकडे बोट केलं. बाझेल. दारं धडाधड लागत होती. गार्ड गाडी सोडायची तबकडी उचलण्याच्या बेतात. तो जिना, ती गर्दी, त्या चपला. धावून काही उपयोग नाही, हे माझ्या त्या अकलेलाही कळलं. बाई आपल्या खुर्चीत परत जाऊन टेलिफोन फिरवू लागली. एका हातात टेलिफोन, दातांत सफरचंद.

आणि माझ्या तोंडून, रोजच्या सवयीने, चामराजपेटेच्या स्वैपाकघरात म्हणावं तसं निघून गेलं — "आत्याबाई, यांना हाक मारा ना."

पुटपुटले. त्या बाईलाही ऐकू गेलं नसेल.

आधी कर्ण्यातून खरखर झाली. मग—

"किट्टूऽऽ! पानं वाढलीत रे! बेग बा!"

स्टेशनभर. सगळ्या कर्ण्यांतून. तो 'टू' असा लांबवलेला, शेवटी जरासा वर चढलेला. तो आवाज मी ओळखायला चुकेन? वर्षभर रोज ऐकलाय. आजारपणातला बसलेला नव्हे हो, धडधाकट, मागच्या अंगणातला.

मी बाईकडे बघितलं. बाई माझ्याकडे बघत होती. सफरचंद तसंच दातांत. टेलिफोन कानाला. यंत्राचं बटण वर, लाल दिवा बंद. खाली फलाटांवरची माणसं माना वर करून कर्ण्यांकडे बघत उभी. एक गृहस्थ चष्मा काढून बघत होते, जसं काही चष्म्याने ऐकू येतं.

आणि पलीकडे, गाडी हलता हलता, एका दारातून एक माणूस खाली उडी मारून उतरला. कोट अर्धा अंगात. कपाळावर पांढरी पट्टी.

मला वाटलं, आता हे मला शोधत फलाटभर फिरतील. नाही. ते सरळ आले. त्या एवढ्या मोठ्या स्टेशनात ना कुणाला विचारलं, ना इकडेतिकडे बघितलं. लोखंडी जिना चढून तडक त्या काचेच्या खोलीत. दार उघडलं. मी तांब्या घेऊन उभी. माझ्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"आई कुठाय?"

हे पहिले शब्द! मी इथं रडून अर्धी झालेली, आणि माझ्याकडे बघून 'आई कुठाय'. त्यावरून मी बोटीवर दोन दिवस फुगून बसले होते, ते वेगळं.

बाईचं आणि यांचं जर्मनमध्ये बराच वेळ चाललं. बाई यंत्राच्या तारा बघत होती, खाली वाकून टेबलाखाली बघत होती. मी यांची बाही ओढली. "काय म्हणतेय?"

"म्हणतेय, त्या दुसऱ्या बाईंची घोषणा नियमात बसत नाही. गाडीचा नंबर सांगितला नाही, फलाट सांगितला नाही. आणि परवानगी कुणी दिली?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं की तिला आजवर कुणी परवानगी विचारायला लावलेली नाही."

पुढे बाईने आम्हाला कॉफी दिली आणि उरलेलं सफरचंद कागदात गुंडाळून ठेवलं. तिला ते पुढे खाववलं नाही.

आमची ट्रंक गेली बाझेलला. पुढच्या गाडीने आम्ही गेलो तर तिथल्या सामानाच्या खोलीत ती एकटी एका कोपऱ्यात ठेवलेली, बाकीच्या सामानापासून लांब. चटणीपुडीचा डबा सांडला होता. तिथला माणूस नाकाला रुमाल लावून म्हणाला, "ही तुमचीच, हे उघड आहे." बोट मिळाली. हे सगळं नीट झालं.

पण त्या गाडीत, फ्रँकफर्ट सुटल्यावर, हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग विचारलं, "हाक तू मारलीस?"

"मी कशी मारेन? नाव घ्यायचं नाही ना मी."

"मग?"

"मी आत्याबाईंना सांगितलं. नेहमीसारखं."

ते म्हणाले, "मला जाग आली ना जान्की, तेव्हा मी गाडीत नव्हतोच. मागच्या अंगणात होतो. आणि ती अशी ओरडत होती की आता नाही गेलो तर पान काढून घेईल."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मामंजींची मनातल्या मनात माफी मागितली आणि सांगून टाकलं — शेवटच्या दिवसांत त्या हेच म्हणत होत्या. हीच हाक, हेच शब्द. तुम्हाला काही सांगायचं राहिलं नव्हतं त्यांचं. तुम्हाला जेवायलाच बोलवत होत्या.

यांनी कपाळावरची पट्टी काढली, ती अजून तशीच होती, आणि डोळ्यांवर धरली. मी तांब्याची फिरकी उघडली आणि ती परत भिजवून दिली. पाणी फ्रँकफर्टचं. त्यासाठीच तर उतरले होते.

पट्टीखालून आवाज आला. "एक कर. आता तू माझं नाव घ्यायला शीक. दर वेळी त्या बाईला एवढ्या लांब यायला लावू नकोस."

"आणि आयुष्य झिजलं म्हणजे?"

"झिजू दे. तिने बक्कळ करून ठेवलंय."

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. डब्यात एक जर्मन आजीबाई विणत होत्या, त्यांना काही कळायचं नव्हतं. हळूच म्हटलं, "कृष्णराव."

"ओ," असं म्हणाले.

आज हे नव्वदीच्या घरात आहेत. मी इतकी वर्षं दिवसातून दहादा नाव घेऊनही झिजलेले नाहीत, चांगले गोलमटोल आहेत.

आता सगळे मला उत्तरं देतात. नात म्हणते, "अज्जी, माईक चालू राहिला असेल आणि तूच ओरडली असशील." मग तो लाल दिवा? आणि मी ओरडले असते तर माझ्या आवाजात ओरडले असते ना? माझा आवाज म्हणजे बेडूक. मुलगा इंजिनीअर आहे, तो म्हणतो दुसऱ्या कुठल्या तारेतला आवाज मिसळला. मिसळेल बापडा. पण जर्मनीतल्या कुठल्या तारेत 'पानं वाढलीत, बेग बा' चाललं होतं, ते मला दाखव. एक डॉक्टर म्हणाले, दोघांच्याही मनात दुःख होतं, त्यामुळे दोघांना भास झाला. ठीक. मग तो चष्मा काढून वर बघणारा गृहस्थ? आणि ती सफरचंदवाली? तिला कसलं दुःख होतं?

मला स्वतःला एवढंच वाटतं की नाव घ्यायची बंदी ज्यांनी घातली, निस्तरायला त्यांनाच यावं लागलं. सासूने एखादा नियम करावा तर असा जबाबदारीने. पण हे काही उत्तर झालं नाही, माहितेय मला.

उलट एक भर पडलीय, ती सांगून थांबते. यांना आता अजिबात ऐकू येत नाही. कानाचं यंत्र टेबलाच्या खणात झोपलेलं असतं. हे पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात. दुपारी मी स्वैपाकघरातून ओरडते, "कृष्णराव! ओ कृष्णराव!" समोरच्या घरातली अक्का खिडकीतून विचारते, "काय झालं, जानक्का?" कोपऱ्यावरचा रिक्षावाला वळून बघतो. यांना पत्ता नाही.

मागे एकदा गुडघे फार दुखत होते. उठून व्हरांड्यापर्यंत जायचा कंटाळा आला. आणि माझा खट्याळ स्वभाव काही गेलेला नाही. भाताचं भांडं उतरवता उतरवता, अगदी हळू, पुटपुटले, "आत्याबाई, यांना हाक मारा ना."

घरात काहीही ऐकू आलं नाही. मला तर नाहीच.

पण व्हरांड्यातली खुर्ची सरकली. काठीचा टकटक आवाज आला. हे दारात उभे, चष्मा पुसत, कपाळाला आठ्या.

"आलो, आलो. एवढं ओरडायला काय झालं?"

मी पानावर मीठ वाढलं.